गॅरेजचा दिवा आणि बावीस पावलं

आयुधपूजेनंतरचा तिसरा रविवार, दुपारी सव्वाचार. पैज पन्नास रुपयांची. हजर: तुम्ही, मी, आणि पायरीवर अवरेकाईच्या शेंगा सोलत बसलेल्या मामी. ठिकाण: आपल्या दोन घरांत मिळून असलेलं एकच गॅरेज आणि त्याच्या दारापासून बावीस पावलांवरचं गेट. वाद असा, की गाडी बाहेर काढल्यावर गॅरेजचं दार रिमोटने बंद होत नाही, तर दोष कुणाचा. तुम्ही म्हणालात मशीनमधल्या दिव्याचा. मी म्हणालो तुमच्या रिमोटचा. मी जिंकलो. तुम्ही खिशातून पन्नासची नोट काढून दिलीत आणि मी ती घेतली.

त्याला पावणेतीन वर्षं झाली, मामा. तुम्ही गेलात त्याला आज चोविसावा दिवस.

भेटायला आलेले लोक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलून गेले. हेब्बाळच्या कारखान्यात देखभाल विभागात बत्तीस वर्षं, जळालेल्या मोटारींचे डॉक्टर, कुणाच्याही घरचा मिक्सर फुकट दुरुस्त करून देणारे. ते सगळं खरं आहे, आणि ते सांगणारे खूप आहेत. मला दाराबद्दल लिहायचं आहे. सोळा वर्षांच्या शेजारात आपण जेवढं बोललो त्यातलं निम्मं तरी त्या दाराबद्दल होतं.

ही जोडघरं बांधणारे गृहस्थ अमेरिकेत राहून आलेले. तिकडची सवय म्हणून त्यांनी गॅरेजला छताखाली सरकत जाणारं दार बसवलं, वर मोटार, साखळी, एक दिवा, आणि दोन रिमोट. दोन वर्षांत त्यांना म्हैसूर शांत वाटेनासं झालं की फार शांत वाटलं कोण जाणे, ते मुलाकडे परत गेले. एक घर तुम्ही घेतलंत, एक मी. भिंत मधोमध होती, पाण्याची टाकी वेगळी होती, मीटर वेगळे होते. दार तेवढं वाटून घेता येईना. मशीनची वीज माझ्या मीटरवर आणि देखभाल तुमच्याकडे, असं आपण पहिल्याच आठवड्यात ठरवलं. सोळा वर्षांत तुम्ही त्यात एकदाही चुकला नाहीत.

तेव्हा मला सांगलीहून येऊन पाचच वर्षं झाली होती. तुमचं मराठी ऐकून मी दचकलो होतो. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि मुक्कामाला कन्नडमध्ये पोचायचं. तुम्ही माझा चेहरा वाचलात. "आमचे पणजोबा महाराजांच्या फौजेत घोड्यावरून आले, तू लक्झरी बसमधनं आलास. मराठी दोघांचंच. माझं थोडं शिळं आहे, अष्टे." इतकंच, हे सांगायला तुमच्याकडे 'अष्टे' होतं, आणि उगीच म्हणायला 'सुम्ने'. या दोन शब्दांवर तुम्ही माझ्याशी केलेले सगळे वाद संपवलेत. मी कडकोळच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे हे कळल्यापासून माझं नाव इन्स्पेक्टर झालं. "इन्स्पेक्टर, तुझ्या घरी चपातीचा पण व्यास मोजतात काय?" मामी हसायच्या, माझी बायको अनघा त्यांच्यापेक्षा जास्त हसायची.

माझ्या मुलीची बारावीची परीक्षा होती त्या सकाळी वीज गेली. दोन्ही गाड्या आत, दार बंद, घड्याळात आठ वाजून चाळीस मिनिटं. मी मशीनची माहितीपुस्तिका शोधत होतो. तुम्ही लुंगीवर आलात, मोटारीपासून लोंबणारी लाल दोरी एकदा खाली ओढलीत, दाराला खांदा लावलात आणि ते सगळं धूड वर ढकललंत. मग तसेच, लुंगीवर, तिला परीक्षेला सोडून आलात. मी तोपर्यंत पुस्तिकेच्या नवव्या पानावर होतो. तिला अजून ती सकाळ आठवते. परवा फोनवर रडली तेव्हा म्हणाली, "बाबा, मामा-आजोबांनी सिग्नललासुद्धा मला सूत्रं विचारली होती, आणि त्यांना स्वतःला एकही येत नव्हतं."

आता त्या बल्बाचं.

आयुधपूजेला तुम्ही गॅरेज धुऊन घ्यायचात. पाटावर पणजोबांची तलवार, शेजारी पक्कड, पाने, टेस्टर, माझी मोजमापाची हत्यारं, आणि दोन्ही रिमोट. सगळ्यांना सारखं हळद-कुंकू. मशीनला वर शिडी लावून झेंडूची माळ. मग गाड्यांच्या चाकांखाली लिंबं आणि गेटसमोर कोहळा. त्या वर्षी मी म्हणालो, "मामा, मशीनला मी काहीतरी देतो." आणि शिडीवर चढून साठ वॅटचा जुना तारेचा बल्ब काढला आणि नऊ वॅटचा एलईडी लावला. दार हललं की तो दिवा आपोआप लागतो आणि साडेचार मिनिटांनी आपोआप विझतो. दिवसातून आठ वेळा धरलं तर छत्तीस मिनिटं. वर्षाला अकरा युनिट वाचतात. हे मी तिथेच, शिडीवरून खाली येता येता सांगितलं. तुम्ही खालून शिडी धरली होती. म्हणालात, "अकरा? बरं. मशीन आता श्रीमंत होणार बघ."

त्यानंतरच्या सोमवारपासून तुमचं दार बंद होईना.

सोमवारी तुम्ही आणि मामी नंजनगूडला देवाला जायचात, बुधवारी आणि शनिवारी दोघं मिळून बाजाराला. घरात मागे कुणी नसायचं. तुम्ही रिमोटने दार उघडून गाडी गेटपर्यंत आणायचात, तिथून पुन्हा रिमोट दाबायचात, आणि दार हलायचं नाही. मग तुम्ही उतरायचात, बावीस पावलं परत जायचात, गॅरेजच्या मागच्या भिंतीवरचं बटण दाबायचात आणि दार खाली येऊ लागलं की त्याच्याखालून बाहेर यायचात. दाराच्या दोन्ही बाजूंना घोट्याच्या उंचीवर ते दोन छोटे डोळे आहेत. त्यांच्या मधून पाय गेला तर दार पुन्हा वर जातं. म्हणून तिथे पाय उचलून ओलांडावं लागायचं. तुमचे गुडघे तेव्हाच दुखत होते. मी खिडकीतून चहा पिताना पाहायचो. एका हाताने चौकट धरून आधी डावा, मग थांबून उजवा.

आमच्याकडे हा त्रास कधी आला नाही. मी सकाळी गाडी काढायचो आणि अनघा आतून बटण दाबायची. संध्याकाळी परत येताना मी कोपऱ्यावरून रिमोट दाबायचो आणि दार मुकाट्याने उघडायचं, रोज, न चुकता. म्हणून माझं मत पक्कं होतं: मशीन ठीक, माझा रिमोट ठीक, तर तुमचा रिमोट खराब. तुम्ही त्यात दोनदा बॅटरी बदललीत. आतला तांब्याचा पत्रा खोडरबराने घासलात. माझ्यासमोर तो उघडून त्यातल्या बारीक खटक्यांची ओळ मशीनच्या ओळीशी जुळवून दाखवलीत. मी म्हणालो, "नवा घ्या. जुन्या वस्तूला किती दिवस औषध देणार?"

तो रविवार त्यानंतरचा. आपण दोघं गेटपाशी उभे राहिलो, दोघांच्या हातांत आपापला रिमोट. मी म्हणालो, "मी आधी." दाबलं. दार उघडलं, दिवा लागला. "आता तुम्ही." तुम्ही दाबलंत. काही नाही. पुन्हा दाबलंत, हात लांब करून, मग हनुवटीला लावून. काही नाही.

"झालं?" मी म्हणालो.

"आता तू परत दाब."

"मी कशाला? माझा चालतो हे दिसलं की."

"अरे, दिवा लागलाय आता. आता दाबून बघ ना. सुम्ने वाद नको."

"मामा, पैज म्हणजे पैज."

मामी पायरीवरून म्हणाल्या, "द्या हो पन्नास, त्याला चहाला उशीर होतोय." तुम्ही दिलेत. मी रिमोट खिशात टाकला आणि आत गेलो.

मी आधी दाबलं होतं, दिवा बंद असताना. तुम्ही नंतर, दिवा लागल्यावर. कारखान्यात एखाद्या पोराने अशी चाचणी घेतली असती तर मी कागद फाडून परत पाठवला असता.

त्यानंतर तुम्ही वाद घातला नाहीत. गुडघे जास्त दुखायला लागले तेव्हा उतरणंही कमी केलंत. गाडी गेटशी आणून नुसते बसून राहायचात, साडेचार मिनिटं, मागच्या आरशात बघत. एका बुधवारी मला सात-दहाला निघायचं होतं आणि तुमची गाडी वाटेत. मी दोनदा हॉर्न दिला. मग उतरून आलो.

"मामा, काय झालं? तब्येत?"

"काही नाही. दिवा विझू दे, मग निघतो."

मला वाटलं ही तुमच्या घरची काही रीत असेल. दिवा जळता ठेवून घराबाहेर पडू नये, असं काहीतरी. तुमच्या घरी रीती पुष्कळ होत्या, आणि मी त्या कधी नीट विचारल्या नाहीत. मी मान हलवली आणि माझ्या गाडीत जाऊन घड्याळ बघत बसलो. तुम्ही मला दोषाचं पूर्ण कारण पाच शब्दांत सांगितलं होतं. मी ते धर्म म्हणून ऐकलं.

तुमची सुषमा तेराव्यानंतर बेंगळुरूला परत जाताना म्हणाली, "आई एकटी आहे, हे जुनं धूड नको. फोनवरून चालणारं नवं बसवूया. अर्धे मी देते." मी हो म्हणालो. मीच तर इतकी वर्षं म्हणत होतो. बुधवारी मापं घ्यायला माणूस आला, माझ्याच वयाचा, पाठीला पट्टा लावलेला. शनिवारी जुनं काढून नवं बसवतो म्हणाला. शिडी उतरताना त्याने दिव्याकडे बघितलं. "सार, या मशीनमध्ये असला बल्ब कुणी लावला?"

"का?"

"जुनी मशीनं आहेत सार. हा बल्ब पेटला की यांना रिमोट ऐकू येत नाही. बल्बाच्या बुडात जे सर्किट असतं त्याचीच खरखर होते. रिमोट बिचारा ओरडतो, मशीन बहिरं. बंद करायला त्रास होत असेल ना तुम्हाला?"

"बल्ब होता त्यात," मी म्हणालो.

होता. मी सव्वीस वर्षं लोकांकडून कुणी, केव्हा, कशाने हे लिहून घेतलं आहे. आणि मी म्हणालो, होता.

शनिवारी मशीन जाणार होतं. ते एकदा भंगारात गेलं की दिवा की रिमोट, हे कधीच तपासता आलं नसतं. मी जिंकलेली पैज जिंकलेलीच राहिली असती. बुधवारी संध्याकाळी तपासायचं मी ठरवलं आणि जिटीजिटी, म्हणजे नुसता झिमझिम, पाऊस लागला म्हणून तपासलं नाही. गेटपासून दारापर्यंत बावीस पावलं आहेत आणि घरात तीन छत्र्या आहेत. गुरुवारी कारखान्यात काम होतं, पण साडेसहाला मी घरी होतो. खुर्चीत बसून राहिलो. अनघा म्हणाली, "दमलात?" मी हो म्हणालो. खोटं नव्हतं. गेले तीन आठवडे मी दमलेलाच आहे. तुमच्या बाजूच्या भिंतीतून सकाळी रेडिओ येत नाही, याचासुद्धा थकवा येतो हे मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी दोन तास लवकर निघालो. आषाढातला शुक्रवार, देवीच्या टेकडीकडे दर्शनाला जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरलेला. घरी पोचेपर्यंत पाच वाजले. मामींकडे तुमचा रिमोट मागायला गेलो. तुमच्या फोटोसमोर समई होती. रिमोट त्यांनी किल्ल्यांच्या खिळ्यावरून काढून दिला. त्याच्या खाचांत आयुधपूजेचं कुंकू अजून होतं.

"कशाला?" मामींनी विचारलं.

"उद्या मशीन जाणार. एकदा बघतो."

त्या माझ्यामागून आल्या आणि पायरीवर बसल्या, त्या रविवारी बसल्या होत्या तिथेच.

मी गेटपाशी उभा राहिलो. दिवा बंद. तुमचा रिमोट दाबला. बावीस पावलांवरून दार उघडलं, पहिल्या दाबात. दिवा लागला. पुन्हा तुमचा दाबला. काही नाही. मग खिशातून माझा काढून दाबला, जो त्या रविवारी मी दुसऱ्यांदा दाबला नव्हता. काही नाही. दहा पावलांवर जाऊन दाबला. पाच पावलांवर. शेवटी दाराच्या खाली उभं राहून, हात वर करून, मशीनला जवळजवळ टेकवून. काही नाही. मी परत गेटपाशी आलो आणि थांबलो. साडेचार मिनिटं फार मोठी असतात, मामा. मी त्यांचा गुणाकार केला होता, त्यांत उभा कधी राहिलो नव्हतो. दिवा विझला. दाबलं. दार खाली आलं.

आमच्याकडे एका चाचणीला चाचणी म्हणत नाहीत. मी तीनदा केली. तुमचा आधी, माझा आधी, पुन्हा तुमचा आधी. तिन्ही वेळा तेच.

तुम्ही किती वेळा उतरलात, किती पावलं चाललात, याचा हिशेब करायला मी घेतला होता. आठवड्याला तीनदा, एकशे चाळीस आठवडे. मग सोडून दिला. किती वेळा उतरलात आणि किती वेळा बसून राहिलात हे मी मोजलेलं नाही, आणि न मोजलेला आकडा मी लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले हृदय होतं, बरेच दिवसांचं. त्या पावलांचा त्याच्याशी संबंध नाही. तेही मी मानतो. पण चौकट धरून उचललेला तो डावा पाय माझ्या खात्यावर आहे.

मी मामींपाशी गेलो. बसलो नाही. म्हणालो, "मामी, रिमोट चांगला होता. बल्बाचाच दोष आहे. मी लावलेला. मामा बरोबर होते."

त्यांनी मान वर केली नाही. पदराचा काठ सरळ करत म्हणाल्या, "माहीत होतं त्यांना."

"ते म्हणाले होते दिव्याचा दोष, मीच ऐकलं नाही."

"तसं नव्हे रे. पक्कं माहीत होतं. पैजेच्या आधीच एकदा जुना बल्ब लावून बघितलेला. तू कारखान्यात होतास. दार गेटवरनं बंद झालं. तपासण्यापुरताच काढला, लगेच परत तुझा लावून ठेवला."

मी विचारलं, "परत का लावला?"

"आयुधपूजेला लावलास की तू. आमच्यात त्या दिवशी हत्यारावर कुणी काही ठेवलं, बांधलं, तर ते ज्यानं ठेवलं त्यानंच उतरवायचं. दुसऱ्यानं नाही. सैनिकांचं घर होतं ना, तेव्हापासनं आहे ते. मी म्हटलं, अहो, बल्ब तो, तलवार आहे काय? तर म्हणाले, बेडा, नको, राहू दे. इन्स्पेक्टर स्वतः काढेल. आज ना उद्या त्याला समजेल."

"मला सांगायचं होतं सरळ."

"सांगितलं की. पन्नास रुपये घेऊन गेलास."

हे बोलताना त्या हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मग हसता हसता पदर डोळ्यांना लावला, आणि मी शिडी आणायला गेलो, कारण तिथे उभं राहवत नव्हतं.

शिडी मामींनी धरली. मी नको म्हणालो तरी धरली. एलईडी काढला. जुना बल्ब तुमच्या हत्यारांच्या कपाटात वरच्या फळीवर असेल असं त्या म्हणाल्या, होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वर पेन्सिलीने कन्नड अक्षरांत दोन ओळी. मला कन्नड अक्षरं हळू वाचता येतात, म्हणून मी एकेक लावत गेलो, आणि ओळी मराठी निघाल्या. तुम्ही मराठी कन्नडमध्ये लिहायचात हे मला सोळा वर्षांत माहीत नव्हतं. कधी लिहून काही दिलंच नाहीत, आणि मी मागितलं नाही. लिहिलं होतं: "जुना बल्ब. चालू आहे."

तो लावला. गेटपाशी आलो. दार उघडलं, पिवळा दिवा लागला. त्या उजेडात गॅरेज एकदम पूर्वीसारखं दिसलं. पांढऱ्या उजेडाची मला इतकी सवय झाली होती. दाबलं. दिवा चालू असताना, बावीस पावलांवरून, दार खाली आलं.

रात्री जेवणाआधी सुषमाला फोन केला आणि सगळं सांगितलं, 'होता'सकट. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "अण्णांनी मला फोनवर सांगितलं होतं. म्हणाले, शेजाऱ्याला शिकवायला तीन वर्षं लागणार बहुतेक." मग म्हणाली, "नव्या मशीनचं आईला विचारा. तिला काय हवं ते करा." मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, "चालतंय तवर चालू दे." शनिवारी त्या माणसाला मी येऊ नका म्हणून कळवलं. बल्ब कुणी लावला तेही सांगितलं. तो म्हणाला, "असू दे सार, सगळेच लावतात."

आपले काही वाद राहिलेच. साखळीला ग्रीस की तेल, हे राहिलं. मी तेल म्हणतो, अजूनही म्हणतो. माझी मुलगी शिकायला परदेशी गेल्यावर मराठी विसरेल की नाही, हे राहिलं. तुम्ही म्हणायचात, "दीडशे वर्षं आम्ही नाही विसरलो, ती चार वर्षांत विसरणार?" आणि मी तुमची वाक्यं मोजून त्यात कन्नड शब्द किती ते सांगायचो. ते मी करायला नको होतं. पण तुम्हाला त्यात मजा यायची, असं मी समजतो. विचारलं नव्हतं.

एक मात्र विचारायचं होतं. मी हॉर्न दिला त्या बुधवारी तुम्ही काच खाली करून, "बल्ब काढ रे बाबा," एवढंच का नाही म्हणालात? मी काढला असता. बहुतेक. खरं लिहायचं तर, मी वर्षाला अकरा युनिट पुन्हा सांगितले असते. तुम्हाला ते ठाऊक असणार. तुम्ही ज्या मोटारी दुरुस्त करायचात त्यांनाही तुम्ही घाई करत नव्हतात. थंड होऊ दे, मग उघडू, म्हणायचात.

काल सोमवार होता. मी रजा घेतली. मामी म्हणाल्या, "देवळात जायचं नाही, वर्ष पाळायचंय. पण सोमवार आहे. नदीपर्यंत जाऊन येऊ." तुमची गाडी मी काढली, सीट पुढे घ्यावी लागली, तुमचे पाय माझ्यापेक्षा लांब. अनघा कामावर गेली होती. दोन्ही घरांत मागे कुणी नव्हतं, तुमच्या घरात सोमवारी असायचं तसं. गेटपाशी गाडी थांबवली. मागच्या आरशात गॅरेज उघडं, आत पिवळा दिवा. मी सवयीने दरवाजा उघडून उतरायला निघालो.

"बस," मामी म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून तुमचा रिमोट काढला, मागे न बघता खांद्यावरून धरला आणि दाबला. आरशात दार खाली आलं, सावकाश, तेरा सेकंदांत, आणि जमिनीला टेकलं. दिवा आतच राहिला. त्या समोर बघत होत्या. मीही समोर बघितलं. मागे कुणाचा हॉर्न नव्हता.

नदीच्या पायऱ्यांवर मी त्यांना पैसे दिले. त्या रविवारी घेतलेले तुमचे पन्नास, आणि हरलेल्या पैजेचे माझे पन्नास. मला वाटलं त्या नको म्हणतील आणि मला आग्रह करावा लागेल. त्यांनी दोन्ही नोटा घेतल्या, घडी केली आणि कमरेच्या पिशवीत ठेवल्या.

"घेते," म्हणाल्या. "जिंकलेले आहेत."

दिले: शंभर रुपये, रोख. कुणाला: मामींना, तुमच्या वतीने. हजर: त्या आणि मी.